ईश्वराची सत्ता आणि कुमारांचे प्रश्न

तेरा-चौदा वर्षांच्या सुमारास मुलांच्या प्रश्नांचें स्वरूप पालटतें. लहानपणीं 'देव कोठें राहतो?' एवढें विचारून जें मूल समाधान पावतें, तेंच मूल पुढें 'सर्व कांहीं देवाच्याच इच्छेनें होत असेल, तर अभ्यास तरी कशाला करावा?' असें विचारूं लागतें. घरांत एखादें अकालीं मरण घडलें असेल, तर हा प्रश्न अधिक तीक्ष्ण होतो आणि तो विचारतांना मुलाचा आवाजही बदलतो. असे प्रश्न सर्वच धर्मांच्या घरांतून निघतात, आणि वडील माणसें आपापल्या परंपरेप्रमाणें त्यांचीं उत्तरें देतात. ख्रिस्ती धर्मांत या प्रश्नांचा संबंध ज्या एका सिद्धांताशीं पोहोंचतो, त्याला परमेश्वराचें सार्वभौमत्व असें म्हणतात. हा सिद्धांत कुमारवयांतील मुलांना कसा शिकवावा, याचा विचार ख्रिस्ती शिक्षक चारशेंहून अधिक वर्षें करीत आले आहेत. त्यांना आलेलें यश आणि त्यांच्या हातून झालेल्या चुका या दोहोंतही इतर घरांनीं लक्ष द्यावें असें पुष्कळ आहे.

सार्वभौम हा शब्द राजनीतींतला आहे. ज्याच्या सत्तेवर दुसऱ्या कोणाची सत्ता नाहीं, तो सार्वभौम. परमेश्वरानें विश्व निर्माण केलें, तोच तें सांभाळतो, आणि लहान किंवा मोठी कोणतीही घटना त्याच्या सत्तेच्या कक्षेबाहेर घडत नाहीं, असें ख्रिस्ती लोक मानतात. एवढें ऐकतांच महाराष्ट्रीय श्रोत्याला नियतीची आठवण व्हावी, हें साहजिक आहे. परंतु येथें एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. नियतीजवळ गाऱ्हाणें नेतां येत नाहीं, आणि तिचे आभारही मानतां येत नाहींत. ख्रिस्ती सिद्धांतांतील सत्ता एका व्यक्तीची आहे, आणि त्या व्यक्तीला 'पिता' म्हणून हांक मारावयास येशू ख्रिस्तानें आपल्या शिष्यांना शिकविलें. सत्ता आणि पितृत्व या दोन कल्पना एकमेकींपासून तोडल्या, कीं सिद्धांताचा अर्थच बदलतो. नुसती सत्ता शिकविली, तर मुलाच्या मनांत भीति तेवढी उत्पन्न होते. नुसतें पितृत्व शिकविलें, तर देव म्हणजे प्रेमळ पण दुबळा आजोबा होऊन बसतो, आणि पहिल्याच संकटांत मुलाचा त्याच्यावरील भरंवसा उडतो.

या विषयांत सर्व ख्रिस्ती पंथांचें म्हणणें एकच आहे, असें मात्र समजूं नये. जिनिव्हा येथील धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन (१५०९-१५६४) याच्या अनुयायांनीं ईश्वरी संकल्पावर विशेष भर दिला. हॉलंडमधील आर्मिनियस (मृत्यु १६०९) आणि अठराव्या शतकांतील इंग्लंडमधील जॉन वेस्ली यांनीं मनुष्याच्या स्वातंत्र्याची बाजू आग्रहानें मांडली. रोमन कॅथोलिक पंडितांनीं आपली मांडणी वेगळ्या रीतीनें केली. हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. परंतु जग अखेर कोणाच्या हातीं आहे, या प्रश्नाचें उत्तर या सर्वांनीं एकच दिलें. आणि मुलांना शिकवितांना प्रथम प्रयोजन असतें तें या उत्तराचें.

तरुणांसाठीं हा सिद्धांत पद्धतशीरपणें मांडण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न जर्मनींतील हायडेलबर्ग येथें झाला. तेथील सत्ताधीश तिसरा फ्रेडरिक याच्या आज्ञेवरून १५६३ सालीं एक प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध झाली. तिच्या रचनेंत प्रमुख भाग घेणारा झाकारियास उर्सिनस हा त्या वेळीं अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. तींत १२९ प्रश्न आहेत, आणि वर्षाच्या बावन्न रविवारीं थोडे थोडे करून ते शिकवितां यावेत, अशी त्यांची वांटणी केलेली आहे. या ग्रंथाची सुरुवात मोठी विचार करण्याजोगी आहे. ईश्वराच्या सामर्थ्याचें वर्णन करून आरंभ करणें रचनाकारांना सहज शक्य होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. जगतांना आणि मरतांना मनुष्याला आधार कशाचा, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. ईश्वर सृष्टीचा कारभार कसा चालवितो, हा विषय त्यानंतर पुष्कळ पुढें, सत्ताविसाव्या प्रश्नांत येतो. पाऊस आणि अवर्षण, आरोग्य आणि आजार, संपत्ति आणि दारिद्र्य हीं सर्व आंधळ्या योगायोगानें न येतां पित्याच्या हातून येतात, असें तेथें सांगितलें आहे. लगेच पुढचा प्रश्न असा आहे, कीं हें जाणून आपल्याला लाभ काय? त्याच्या उत्तराचा मथितार्थ तिहेरी आहे: दुःखांत धीर, सुखांत कृतज्ञता आणि उद्यांविषयीं भरंवसा. शेजाऱ्याच्या दुःखाचें कारण सांगतां येईल, असा चौथा लाभ त्या उत्तरांत नाहीं. शिक्षकानें हें मनांत पक्कें ठेवण्यासारखें आहे.

इंग्लंडमध्यें १६४३ सालीं वेस्टमिन्स्टर येथें धर्मपंडितांची जी परिषद भरली, तिनें १६४७ सालीं १०७ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नोत्तरावली तयार केली. ती स्कॉटलंडमध्यें घरोघर मुलांकडून पाठ करून घेतली जात असे. मुंबईस १८२९ सालीं आलेले आणि पुढें विल्सन कॉलेजमुळें ज्यांचें नांव चिरस्थायी झालें, ते डॉ. जॉन विल्सन याच स्कॉटिश परंपरेंत वाढलेले होते. या परिषदेच्या मोठ्या मतपत्रिकेंत ईश्वरी संकल्पावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत तीन गोष्टी स्पष्ट केलेल्या आहेत. देव हा पापाचा कर्ता नव्हे. मनुष्याच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाहीं. आणि जगांतील कार्यकारणांची सांखळी ईश्वरी संकल्पामुळें तुटत नाहीं. त्याच प्रकरणाच्या शेवटीं, हें गूढ विशेष सावधगिरीनें हाताळावें, अशी सूचनाही दिलेली आहे. ज्यांनीं सिद्धांत इतक्या ठामपणें मांडला, त्यांनाच तो शिकवितांना लागणाऱ्या सावधपणाची जाणीव होती. पाठांतराचा उत्साह वाढला, तेव्हां कित्येक शिक्षकांना या सूचनेचा विसर पडला. आणि ज्या मुलाला उत्तर तोंडपाठ आहे त्याला तें समजलेंही आहे, असा सोयीस्कर समज रूढ झाला.

पाठ केलेलें उत्तर आणि समजलेलें उत्तर यांतील अंतर भरून काढण्यास कथेसारखें दुसरें साधन नाहीं. या विषयासाठीं बायबलमधील सर्वांत उपयुक्त कथा योसेफाची. ती उत्पत्तीच्या पुस्तकाच्या उत्तरार्धांत आहे, आणि कथेच्या आरंभीं योसेफ सतरा वर्षांचा, म्हणजे शिकणाऱ्या मुलांच्याच वयाचा आहे. वडिलांचा तो लाडका, आणि त्यामुळें भावांच्या डोळ्यांत सलणारा. भावांनीं त्याला कोरड्या विहिरींत टाकलें आणि पुढें वीस रुपयांना, म्हणजे चांदीच्या वीस नाण्यांना, व्यापाऱ्यांस विकलें. मिसर देशांत तो गुलाम झाला. खोट्या आरोपावरून तुरुंगांत गेला. ज्याच्यावर त्यानें तेथें उपकार केला, तो सुटल्यावर दोन वर्षें त्याला विसरून गेला. तिसाव्या वर्षीं तो फारो राजासमोर उभा राहिला आणि देशाचा कारभारी झाला. सात वर्षें सुकाळ झाला, मग दुष्काळ पडला, आणि तेच भाऊ धान्यासाठीं त्याच्यासमोर येऊन वांकले. पुढें वडील वारल्यावर भावांना भीति पडली, कीं आतां हा सूड घेईल. तेव्हां योसेफानें त्यांना जें सांगितलें, त्याचा भावार्थ असा, कीं त्यांचा हेतु वाईट होता, परंतु देवानें त्याच घटनेंतून अनेकांचे प्राण वांचविण्याचा चांगला हेतु साधला.

या उत्तरांत सार्वभौमत्वाचा सारा सिद्धांत आलेला आहे. एकाच घटनेंत दोन हेतु आहेत, आणि एका हेतूनें दुसरा पुसला जात नाहीं. भावांचें कृत्य वाईटच होतें. तें देवाच्या योजनेंत बसलें म्हणून चांगलें ठरलें नाहीं. ख्रिस्ती धर्मांत याचें सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे येशूचा वधस्तंभ. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकांत पेत्र यरुशलेमांतील लोकांना जें भाषण करतो, त्यांत तो येशूचा मृत्यु ईश्वराच्या योजनेप्रमाणें झाला असें सांगतो, आणि त्याच दमांत मारणाऱ्यांना दोषीही ठरवितो. 'मग मी काय, कळसूत्री बाहुली आहें?' असें विचारणाऱ्या मुलाला या दोन प्रसंगांकडे न्यावें. बाहुलीला कोणी दोष देत नाहीं, आणि बाहुलीला कोणी क्षमाही करीत नाहीं. योसेफानें भावांना क्षमा केली, यांतच ते बाहुल्या नव्हते हें सिद्ध होतें.

या कथेंतील आणखी एक बारकावा शिकविणाऱ्यांच्या नजरेंतून नेहमीं निसटतो. तें उत्तर कोणाच्या तोंडीं आहे आणि केव्हां आहे? तें ज्यानें दुःख भोगलें त्याच्या तोंडीं आहे, आणि तें त्यानें विहिरींत असतांना उच्चारलेलें नाहीं. कथेंतील वर्षांचा हिशेब केला, तर भावांना ओळख देण्याच्या वेळीं योसेफ सुमारें एकोणचाळीस वर्षांचा असावा, आणि वडिलांच्या मरणानंतरचा हा प्रसंग त्याच्याही सतरा वर्षें पुढचा आहे. म्हणजे विहिरीपासून या उत्तरापर्यंत जवळजवळ चाळीस वर्षांचें अंतर पडलें. विहिरीच्या कांठावर उभें राहून भावांनींच त्याला म्हटलें असतें, कीं यांत देवाची कांहीं तरी योजना असेल, तर शब्द खरे असूनही तें बोलणें निर्लज्जपणाचें झालें असतें. मुलांना सिद्धांत शिकवितांना हा विवेकही शिकविला पाहिजे. स्वतःच्या दुःखाबद्दल मनुष्य जें म्हणूं शकतो, तें दुसऱ्याच्या दुःखाबद्दल म्हणण्याचा अधिकार त्याला नसतो.

आतां प्रयत्नाचा प्रश्न. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण मराठींत थट्टेनेंच वापरतात. ख्रिस्ती समाजांतही अशा खाटल्यांची वाण कधीं पडलेली नाहीं. योसेफाची कथा येथेंही उपयोगी पडते. फारोच्या स्वप्नांतून पुढील चौदा वर्षांचें भविष्य कळल्यावर तो स्वस्थ बसला नाहीं. सुकाळांत पिकाचा पांचवा हिस्सा गोळा करावा आणि नगरोनगरीं कोठारें भरावीं, अशी व्यवस्था त्यानें केली. ईश्वरी योजना कळणें म्हणजे त्याच्या दृष्टीनें कामाला लागणें होतें. नव्या करारांतही असाच एक प्रसंग आहे. प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असतां गलबत वादळांत सांपडलें. त्यावर २७६ माणसें होतीं. कोणाचाही प्राण जाणार नाहीं, असें आश्वासन देवाकडून मिळाल्याचें पौलानें सर्वांना सांगितलें. परंतु खलाशी लहान होडी सोडून गुपचूप पळून जाऊं लागले, तेव्हां, हे लोक गलबतावर राहिले नाहींत तर तुमचा बचाव होणार नाहीं, असेंही त्यानेंच शिपायांना बजावलें. आणि शिपायांनीं होडीचे दोर कापून टाकले. आश्वासन खरें होतें, आणि दोर कापणेंही तितकेंच आवश्यक होतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं प्रार्थना करणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रसंग चटकन समजतो.

महाराष्ट्राला ज्याचें नांव परिचित असावें, अशा एका पुरुषाच्या चरित्रांत हाच धडा मोठ्या प्रमाणावर दिसतो. १८०५ सालीं छापलेलें मराठी भाषेचें इंग्रजींतील व्याकरण आणि १८१० सालचा मराठी कोश ज्यानें रचला, तो विल्यम केरी मूळचा इंग्लंडमधील एका खेड्यांतला चांभार. तो ज्या बाप्टिस्ट मंडळींतला होता, तेथें ईश्वरी संकल्पावर कडक विश्वास होता. तरुणपणीं त्यानें परदेशांत जाऊन धर्मप्रसार करण्याची गोष्ट काढली, तेव्हां एका वृद्ध पाळकानें, देवाच्या मनांत असेल तर तो तुझ्या मदतीवांचूनही तें करील, असें म्हणून त्याला खालीं बसविलें, अशी आख्यायिका आहे. त्या पाळकाच्या पुत्रानें पुढें ही गोष्ट खरी मानली नाहीं. तरीही तसा विचार करणारे लोक त्या काळीं होते, यांत शंका नाहीं. केरीनें त्यांच्याशीं वाद घालतांना ईश्वराची सत्ता नाकारली नाहीं. सत्ता ईश्वराची आहे, म्हणूनच मनुष्याचे कष्ट वायां जाणार नाहींत, असा त्याचा उलट निष्कर्ष होता. १७९३ सालीं तो बंगालमध्यें आला. पुढच्याच वर्षीं त्याचा पांच वर्षांचा मुलगा वारला आणि पत्नीचें चित्त कायमचें भ्रमिष्ट झालें. तरीही त्याचें काम थांबलें नाहीं.

११ मार्च १८१२ रोजीं सायंकाळीं श्रीरामपूर येथील त्याच्या छापखान्याला आग लागली. कागदाचा सांठा, अनेक पौर्वात्य भाषांचे टंक, आणि केरीनें वर्षानुवर्षें खपून तयार केलेल्या बहुभाषिक कोशाचें हस्तलिखित जळून गेलें. केरी त्या वेळीं कलकत्त्यास होता; त्याचा सहकारी मार्शमन यानें दुसऱ्या दिवशीं त्याला ही वार्ता सांगितली. पुढील रविवारीं त्यानें कलकत्त्यास प्रवचन केलें, त्यासाठीं त्यानें सेहेचाळिसाव्या स्तोत्रांतील, शांत राहून देवाला ओळखण्याविषयींचें वचन निवडलें. मुद्दे दोनच होते: आपल्याविषयीं ठरविण्याचा देवाचा अधिकार आणि तो मान्य करण्याचें मनुष्याचें कर्तव्य. इकडे राखेंतून वितळलेलें शिसें वेंचून नवे टंक ओतण्याचें काम सुरू झालें होतें, आणि कांहीं काळांतच छपाई पुन्हां चालूं लागली. ईश्वराचा अधिकार मान्य करणें आणि शिसें वेंचणें, या दोन गोष्टींत त्या मंडळींना विसंगति दिसली नाहीं. मुलांना हा प्रसंग सांगतांना त्यांतील शेवटचा भाग गाळूं नये. आणि केरीनें जें सोसलें तें त्याचें स्वतःचें होतें, हेंही सांगावयास विसरूं नये.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. देव सार्वभौम आहे आणि चांगला आहे, तर निरपराध माणसाला दुःख कां? येथें शिक्षकाला उत्तर देण्याचा मोह अनावर होतो, आणि येथेंच बायबल त्याला आवरतें. ईयोब या सज्जन मनुष्याची मुलें गेलीं, संपत्ति गेली, शरीर व्याधीनें भरलें. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ भूमीवर मुकाट्यानें बसून राहिले. त्यांच्या हातून झालेलें सर्वांत चांगलें काम तें हेंच. मग ते बोलूं लागले. देव न्यायी आहे, त्याची सत्ता अबाधित आहे, तेव्हां ईयोबानेंच कांहीं पाप केलें असलें पाहिजे, असा त्यांचा सिद्धांत होता. ग्रंथाच्या शेवटीं देवाचा कोप होतो तो प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. ईयोबालाही दुःखाचें कारण अखेरपर्यंत सांगितलें जात नाहीं. त्याला सृष्टीचें विराट दर्शन घडतें, आणि ज्याला तो इतके दिवस हांका मारीत होता, त्यानें त्या ऐकल्या होत्या, एवढें त्याला कळतें.

येशूनेंही हाच मार्ग धरला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं होतीं. तीं इतरांपेक्षां अधिक पापी होतीं काय, या हिशेबांत त्यानें कोणाला शिरूं दिलें नाहीं; ऐकणाऱ्यांनीं आपापलें आचरण तपासावें, एवढेंच त्यानें सांगितलें. मरणाच्या आदल्या रात्रीं गेथशेमाने बागेंत त्यानें स्वतः, हा प्रसंग टळावा, अशी प्रार्थना केली. मग पित्याच्या इच्छेला मान तुकविली. मागणें आणि मान तुकविणें, हा क्रम महत्त्वाचा आहे. 'देवाची इच्छा' म्हणून मुलाचें रडणें पहिल्याच क्षणीं थांबविणारा शिक्षक, येशूनें जें स्वतः केलें, तें करण्याची मुलाला बंदी करतो.

यावरून शिकविण्याची जी पद्धति निष्पन्न होते, ती फारशी गुंतागुंतीची नाहीं. आरंभ आधारापासून करावा. गूढाकडे मागाहून यावें. सिद्धांताच्या आधीं कथा सांगावी, आणि कथेंतील माणसांचे दोष झांकूं नयेत. प्रत्येक वेळीं मनुष्याचें कर्तव्य आणि देवाची सत्ता या दोहोंचा एकत्र उल्लेख करावा, म्हणजे मूल आळसाकडेही झुकत नाहीं आणि गर्वाकडेही नाहीं. जेथें शास्त्र थांबतें तेथें शिक्षकानें थांबावें. 'हें ठाऊक नाहीं' असें म्हणणाऱ्या वडिलांवरचा मुलाचा विश्वास कमी होत नाहीं, उलट त्यांनीं ठामपणें सांगितलेल्या इतर गोष्टींचें वजन वाढतें. आणि ज्या मुलाच्या घरीं नुकतेंच दुःख घडलें आहे, त्याच्यासमोर त्या आठवड्यांत हा धडा काढूंच नये. त्या मुलाजवळ ईयोबाच्या मित्रांप्रमाणें पहिले सात दिवस बसावें, आणि आठव्या दिवशींचें भाषण गाळावें.

सोळाव्या वर्षीं शिकविलेला धडा सोळाव्या वर्षींच कळेल, अशी अपेक्षा करण्याचें कारण नाहीं. योसेफाला तो कळावयास चाळीस वर्षें लागलीं. तोंवर त्या धड्यानें मुलाच्या मनांत कटुता पेरली जाऊं नये आणि त्याचे हातपाय बांधले जाऊं नयेत, एवढी जबाबदारी शिकविणाऱ्यावर असते. पुढें कधीं तरी तें मूल स्वतःच्या आयुष्याकडे मागें वळून पाहील, आणि योसेफानें दिलें तें उत्तर त्याला द्यावेंसें वाटेल किंवा वाटणार नाहीं. तें देणें त्याच्याकडेच सोंपवावें, आणि बाकीचें ज्याच्या सत्तेविषयीं हा सारा धडा आहे, त्याच्याकडे.